माझ्या मालकाचं सोंग जावंनं आणलं

त्या दुपारी आमच्या सोप्यात कोण कोण हुतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको, मी तिथं नव्हते. मी हुते. माझी धाकटी जाऊ हुती, सोंग तीच घेऊन आलती. शेजारच्या जैनाच्या घरातली आक्का हुती, मांडीवर परात घेऊन. मशीनवाली हुती, जी गल्लीतल्या सगळ्या बायकांची झंपरं शिवती आन् कुणाचं माप किती वाढलं ते गल्लीभर सांगत फिरती. माझी सून हुती, बेळगावास्नं आलेली, सैपाकघराच्या दाराला पाठ टेकून उभी. बाकी गल्लीतल्या बाया भितीकडंला बसल्यावत्या. त्या हसायला आल्यावत्या, त्येंची येगळी वळख सांगत बसत न्हाय. कोपऱ्यात गवर हुती, हिरव्या लुगड्यातली. बाप्या माणूस एक बी नव्हता. असता तर खेळच झाला नसता.

माझी शाळा चवथीपत्तर. त्येच्या पुढं निपाणीची वखार. तंबाखू चाळायची, पोती शिवायची, आन् घरी आल्यावर बिड्या वळायच्या. लिवायची सवय न्हाय. पण त्या दिवशीचा राग अजून हाय तसाच हाय, आन् गल्लीत जी ती आपल्या मनानं सांगत फिराय लागल्या. म्हणून माझं मी सांगते.

आमच्या गल्लीत एक रीत हाय. दुसऱ्या गल्लीत न्हाय, माझ्या म्हायेरात बी नव्हती. ज्या घरचा बाप्या गेला, त्या घरात पुढच्या पयल्या गवरीला त्येचं सोंग आणायचं. गल्लीतलीच एक बाई धोतर न्हायतर पाटलोण आन् सदरा घालती, डोक्याला पटका गुंडाळती, काजळाच्या मिशा काढती, आन् त्येच्यागत चालत दारातनं येऊन सोप्यात बसती. मग त्येच्या बायकोनं त्येला जे बोलायचं ऱ्हायलंय ते बोलायचं. शिव्या द्यायच्या तर शिव्या. दोन दणके दिले तरी चालतंय. सोंगानं ऐकायचं, आन् तो माणूस जशी उत्तरं द्यायचा तशीच द्यायची. बाईचं बोलून झालं की ती तांब्याभर पाणी देती. सोंग पाणी पितं, उंबरा ओलांडतं आन् मागं न बघता जातं. झालं. पुन्हा त्या माणसाचं सोंग येत न्हाय, आन् ती बाई बी पुन्हा त्येच्या नावानं बोटं मोडत न्हाय.

ह्येला नेम हायत. मेलेल्याची कापडं घालायची न्हाईत, दुसरीकडनं आणायची. बाप्यानं बघायचं न्हाय. आन् सगळ्यात कडक नेम म्हंजे, जिचा दाल्ला गेलाय तिनं सोंगाला आधी काय बी सांगायचं न्हाय, आणणारीनं तिला इचारायचं बी न्हाय. असा चाल, तसा बोल, असं शिकवलं तर ते तिचंच सोंग झालं. आणणारीनं आपल्या डोळ्यानं बघून ठेवलेलं पायजे.

खेळ दुपारचाच. आक्का दिस मावळायच्या आत जेवून घेणारी, आन् तिनं परात वाजवल्याबिगर आमचं कुठलं सोंग उंबरा चढत न्हाय. तिच्या घरात गवर नसती, पण आमच्या गवरीला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसती.

इतकी वर्सं ही सोंगं मी आणायचे. माझ्या आधी एक म्हातारी आणायची. तिनं मला हाताला धरून असं काय शिकवलं न्हाय. एकदा निस्तं म्हणाली, "तोंडाकडं काय बघतीस? टाचंकडं बघ." ते मला लगीच कळलं, कारण वखारीत आमची मान खालीच. चाळणीवर वाकलेल्या बाईला बाप्याचं तोंड दिसत न्हाय, पाय दिसत्यात. कोण खोटं बोलायच्या आधी एका पायानं दुसरी पोटरी घासतोय, कोण पिऊन आलाय म्हणून टाच जपून टेकतोय, कोण कुठल्या बाईजवळ येऊन हळू हुतोय, सगळं पायावरनं कळायचं. घरी येऊन मी चुलीपुढं तसं चालून बघायचे. पोरं हसायची.

कापडं मशीनवालीकडनं. तिच्याकडं गिऱ्हाइकांचे सदरे, पाटलोणी बारीक करायला आलेल्या असायच्याच. "मास्तराची पाटलोण देऊ का सोसायटीच्या सायबाचा सदरा?" असं ती इचारायची. "मेलेला कशात बसतोय बघून सांग." मास्तराला अजून कळलं न्हाय त्येच्या पाटलोणीत किती जण मरून परत आले ते.

आमची मैत्री म्हंजे अशी. आक्का, मशीनवाली आन् मी. कुणाच्या घरी सोंग झालं की ती बाई आमच्या तिघींला बोलवून गवरीच्या पुढ्यातली पोळी द्यायची आन् म्हणायची, हलकं वाटतंय गं. माझ्या कामाला त्येच्यापेक्षा जास्त कुणी काय म्हंटलं न्हाय. मला बी जास्त नको हुतं.

माझ्या दिराचं सोंग मीच आणलंतं. जावंचा दाल्ला. दारू प्यायचा, मारायचा. दोघी एका चुलीवर हुतो तवा मी ते बघिटलेलं. सोंगात मी दारातनं आले आन् पयल्यांदा पाण्याची घागर लाथंनं उडवली, तो उडवायचा तशी. मग जावंचं नाव न घेता "ये भवाने" म्हणून हाक मारली. सोप्यात बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. जाऊ वाईच उभी ऱ्हायली आन् मग जी सुटली ती नरडं बसंपत्तर. केरसुणी घेऊन मारलं मला. पाठीवर वळ उठले. मी त्येच्यागत हसत ऱ्हायले, कारण तो हसायचा. शेवटी पाणी दिलं तिनं. ते सोंग चांगलं झालं. मला अजून बी तसंच वाटतंय.

जावंला तसं वाटलं न्हाय. त्या दिवसापास्नं ती माझ्याशी कामापुरतंच बोलाय लागली. वाटणी झाली, मधी भीत घातली, तिचा उंबरा येगळा झाला. नळावर भेटली की म्हणायची, "आल्या नाटकवाल्या." मी घागर भरायचे आन् यायचे.

आता आमच्या मालकाचं.

आमचे मालक वखारीत काट्यावर हुते. पोती मोजून घ्यायचं काम. शेतकरी म्हणायचे, ह्येंच्या काट्यावर माल घातला की मन शांत हुतंय. गाडीवान, हमाल, वखारीच्या दारातला च्याचा गाडेवाला, सगळ्यांशी बोलणं. चेष्टा तर अशी करायचे की माणूस पोटाला धरून खाली बसायचा. कानडी माणसाशी कानडीत, मुसलमानाशी हिंदीत. गल्लीत शिरताना आवाज आधी यायचा, मागनं माणूस. पोरं पळत जायची.

आन् उंबऱ्याजवळ येऊन चपला काढल्या की तोंड मिटायचं. बाहीर हसत असलेला माणूस, एक चप्पल काढंपत्तर हसतोय, दुसरी काढली की झालं. आत आलेला माणूस दुसराच. माझ्याशी एक शब्द न्हाय.

थोरल्या लेकीचं लगीन झालं, मांडव उतरला, त्या दिवसापास्नं. का, ते मला म्हायती न्हाय. भांडण झालं न्हाय. मी काय बोलले, न्हाय बोलले, लई आठवून बघिटलं. आधी वाटलं दमल्यात. मग वाटलं रागात हायत, जाईल. पोरांच्या तोंडून निरोप द्यायचे. "तुझ्या आयला सांग, उद्या लवकर जायचंय." पोरं नसली की जावंच्या तोंडून. जाऊ चुलीपाशी यायची आन् म्हणायची, "भावजी म्हणत्यात आमटीत मीठ कमी हाय." मी हातभर अंतरावर भाकरी थापत असायचे. पोरं कामाला लागली, वाटणी झाली, मग निरोप द्यायला बी कुणी ऱ्हायलं न्हाय. ताट पुढं सरकवलं की भाकरी वाढायची. उलटा हात ठेवला की बास.

असं त्येंचा जीव जाईपत्तर चाललं. दवाखान्यात नर्सबाईशी चेष्टा केली, डाक्टरला हसवलं. मी खाटंच्या पायथ्याला बसलेले. माझ्याकडं बघून डोळे मिटले. मातीला सगळी वखार आलती. माणसं रडली. मला येऊन म्हणाली, तुमचं नशीब थोर, असा बोलका माणूस मिळाला.



गवर आली, तवा मला एकच पायजे हुतं. त्येंचं सोंग दारात यावं, एक चप्पल काढंपत्तर हसावं, दुसरी काढून तोंड मिटावं, सोप्यात बसावं, आन् मी समोर बसून इचारावं, का? उत्तर येणार नव्हतं. सोंगाला तरी कुठलं म्हायती. पण त्या मिटलेल्या तोंडाला चारचौघीत एकदा इचारायचं हुतं. दुसऱ्यांच्या दाल्ल्यांना बोलायला मी माझं अंग दिलं, आता माझ्या येळंला कुणीतरी द्यावं, एवढंच.

पण आणणार कोण? गल्लीत मीच एक आणणारी. मशीनवालीनं आदल्या दिवशी पाटलोण चढवून बघिटली, दोन पावलं चालली आन् हसत खाली बसली. "माझ्यानं हुत न्हाय बाई. मी बाप्यागत चालले की बदकागत चालते." आक्काचे गुडघे गेल्यात, ती परात वाजवंल तेवढंच.

लेक बेळगावजवळ हिंडलग्याला ऱ्हातोय, तिथल्या कॅम्पात कामाला जातोय. गवरीला सुनंला घेऊन आलता. त्या सकाळी आक्का आन् मशीनवाली घरात असतानाच त्येला कळलं, तसा चिडला.

"आये, लोकं हसतील. आमच्या बाची चेष्टा करायची न्हाय."

"तुझ्या बानं सगळ्या जगाची केली की."

"ती येगळी गोष्ट हाय."

"तू देवळाकडं जाऊन बस. बाप्यानं बघायचं नसतंय."

सून मला कानडीगत अत्ती म्हणती, ती आतनं म्हणाली, "अत्ती, आमच्याकडं हे असलं नसतंय. वारल्याला वरीस व्हायचंय अजून."

"तुमच्याकडं नसंल गं," मी म्हंटलं. "तुमच्याकडं सगळीच बोलत असतील."

तिला ते कळलं न्हाय. कळायचं कारण बी न्हाय.

त्येवढ्यात जाऊ आमच्या दारात येऊन उभी ऱ्हायली. किती दिसांनी त्या दारात आलती कुणास ठाव. मशीनवालीकडं बघून म्हणाली, माझ्याकडं न्हाय, "कापडं मला दे. मी आणते भावजींचं सोंग."

मशीनवालीनं माझ्याकडं बघिटलं. आक्का कानडीत काय तरी पुटपुटली.

मला राग आला आन् आनंद बी झाला. तिनं बघिटलं हुतं. सगळ्या गल्लीत तिनंच एकटीनं घरातला माणूस बघिटला हुता. निरोप तिच्याच तोंडून यायचे की. मला वाटलं, हिला माझा सूड घ्यायचाय. माझ्या दिराला मी जसा दावला तसा ही माझ्या मालकाला दावंल, हाय तसा. दाव की. मला तेच पायजे. मित्राच्या हातनं मिळालं न्हाय तर वैऱ्याच्या हातनं चालंल.

"आणू दे तिला," मी म्हंटलं. ह्येच्या पुढं नेमानं मला तिच्याशी बोलता येत नव्हतं. मी आत जाऊन बसले.

दुपारी जेवणं झाली. बाया जमल्या. आक्कानं परातीवर बोटं टाकली, हळूहळू, गाडी लांबनं येती तशी. ती परात ऐकली की माझ्या पायात आपोआप कोण तरी चालाय लागतंय. त्या दिवशी मी पाय मांडी घालून दाबून धरले.

आधी आवाज आला, गल्लीच्या तोंडास्नं. "काय गं पोरी, शाळंला गेलीस की न्हाय, का मास्तरच पळाला?" हुबेहूब. भितीकडंच्या बाया एकदम हसल्या. मशीनवाली म्हणाली, "आगं आई, आलेच की." मग दारात जाऊ दिसली. मास्तराची पाटलोण, पटका मागं सारलेला, त्येंच्यागत एक खांदा खाली. चांगलं केलतं तिनं. मी खोटं सांगणार न्हाय, चाल पुरी त्येंची हुती. टाच आधी, मग चवडा, मग वाईच थांबणं, कुणाला तरी हाक मारायला.

उंबऱ्याजवळ आली. एक चप्पल काढली. हसत हुती. मी दुसऱ्या पायाकडं बघिटलं.

दुसरी काढली. हसतच हुती.

हसतच आत आली, सोप्यात बसली, पटका मांडीवर घेतला आन् माझ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, भाकरी झाली का? का आज बी बिड्याच वाढणार हाईस ताटात?"

बाया हसून हसून लोळल्या. कुणीतरी डोळे पुसले. सून बी हसली, सासरा तिच्या घरी गेला की असाच बोलायचा तिच्याशी.

मांडव उतरल्यापास्नं माझ्याशी असं ते कधी बोलले नव्हते. एवढ्या वर्सात ती भाकरीची गोष्ट त्येंच्या तोंडातनं मला ऐकू आली ती अशी, जावंच्या तोंडातनं, खोटी.

 आक्कानं परात थांबवली. बाया वाट बघाय लागल्या.

"बोल की गं," मशीनवाली म्हणाली. "मेलेलं ताटकळलंय."

मी इचारलं. दुसरं काय करणार. येळ ती एकच हुती. मी म्हंटलं, "माझ्याशी का बोलला न्हाईसा?"

सोंगानं डोळे मोठे केले. "मी? आगं मी तर बोलतच हुतो की. गल्लीला इचार." आन् बायांकडं वळून, "व्हय का न्हाय गं?"

"व्हय की," बाया म्हणाल्या. "लई बोलका माणूस."

"ह्येंना गप्प बसवायचं म्हंजे तोंडात तंबाखू कोंबाय लागायची," एकजण म्हणाली, आन् पुन्हा हशा.

मी म्हंटलं, "घरात."

"घरात तू बोलू दिलंस कुठं मला?"

त्येच्यावर तर परात बी वाजली, आक्काची बोटं आपोआप पडली. सगळ्यांला वाटलं आमची थट्टा चालल्या. दाल्ला बायकोची. मी गल्लीतली सोंगवाली, मला बोलायला शिकवायची काय गरज, मी बी खेळायला लागले असंच त्येंला वाटलं. मी ज्या बायांच्या पुढं बसून त्येंच्या दाल्ल्यांच्या नावच्या शिव्या खाल्ल्या, त्याच बाया मला खोटं पाडून हसत हुत्या, आन् त्येंला त्येचा पत्ता बी नव्हता. पत्ता एकीलाच हुता. जाऊ मिशा न पुसता तशीच बसून माझ्याकडं बघत हुती.

"झालं का बोलून?" सोंग म्हणालं. "पाणी दे. मोप लांब जायचंय."

तांब्या माझ्या जवळच हुता. मी तो उचलून मांडीवर ठेवला आन् दिला न्हाय.

आधी बायांना ती बी थट्टाच वाटली. मग हसणं कमी कमी झालं. एकजण म्हणाली, "दे की गं, आसं करू नये." दुसरी म्हणाली, "सोंग बसवून ठेवायचं नसतंय, अवलक्षण हाय." मी तांब्या धरूनच बसले. सून म्हणाली, "अत्ती, द्या की. च्या टाकायचाय सगळ्यास्नी." मी तिच्याकडं बघिटलं न्हाय.

नेम असा की पाणी मिळाल्याबिगर सोंगाला उठता येत न्हाय. जाऊ बसून ऱ्हायली. तिला उकडत हुतं, काजळाच्या मिशा वघळून व्हटावर आल्यावत्या. एक एक बाई उठून गेली, जाताना दारात कुजबुजत. मशीनवाली पाटलोणीकडं बघून म्हणाली, "मास्तर सांजंला न्यायला येणार हाय," आन् गेली. आक्का शेवटपत्तर बसली. मग ऊन भितीवर चढलं, तिच्या जेवायची येळ झाली, ती बी गुडघ्यावर हात देऊन उठली. "बिडवा," मला म्हणाली, म्हंजे सोडून दे. मी सोडलं न्हाय.

मग दोघीच ऱ्हायलो. आत सून भांडी वाजवत हुती.

"पाणी दे थोरले," जाऊ म्हणाली, आता तिच्या आवाजात. "नरडं सुकलं."

"तू बघिटलंतंस," मी म्हंटलं. "मीठ कमी हाय म्हणून तूच सांगाय यायचीस."

"व्हय. बघिटलंतं."

"मग?"

"मग काय? माझा दाल्ला तू सगळ्या गल्लीपुढं उघडा केलास. घागर काय उडवलीस, भवाने काय म्हंटलंस. मी मार खात हुते ते भितीच्या आत हुतं. तू ते सोप्यात आणून ठेवलंस. त्येच्या दुसऱ्या दिवशी नळावर बाया माझ्याकडं कशा बघायल्या म्हायती हाय तुला? माझ्या लेकीला बघायला पावणे आलते, त्येंच्या कानावर गेलं. मोडलं ते."

"पाणी दिलंस की तू मला त्या दिवशी."

"न देऊन काय करणार हुते? सगळ्या बसल्यावत्या." तिनं पटक्यानं तोंड पुसलं, काजळ गालभर झालं. "तुझा मी झाकला. चांगला माणूस म्हणून गेला, चांगलाच ऱ्हायला. तुझ्या पोराला खाली बघाय लागलं न्हाय. आता सांग कुणी बरं केलं."

"मला उघडा पायजे हुता."

"आन् मला झाकलेला पायजे हुता," ती म्हणाली. "इचारलंतंस का?"

नेम हाय की इचारायचं नसतंय. ते तिला बी ठाव हाय.  ती उठली. पाणी न पिता उठली. आमच्या गल्लीत असं आजपत्तर झालं नव्हतं. उंबऱ्यावर मागं वळून बघिटलं, ते बी बघायचं नसतंय. मग आपल्या घरात गेली, आन् भितीपलीकडं तांब्या बुडवल्याचा आवाज आला मला. घटाघटा प्याली.

गल्लीत आता माझ्यावर बोलत्यात. नेम मोडला म्हणत्यात, पाणी आडवलं म्हणत्यात. एवढ्या चांगल्या माणसाला तहानलेला धाडला म्हणत्यात. त्येच्या मागनं गल्लीत एकाजणीचा दाल्ला गेला, तिनं मला बोलवलं न्हाय, जावंला बोलवलंय म्हणं. जाऊ आता सोंगं आणणार. हसवंल चांगली. मला बोलवलं असतं तरी मी गेले नसते. जावंशी मी बोलत न्हाय, ती माझ्याशी बोलत न्हाय. नळावर दोघींच्या घागरी शेजारी शेजारी भरत्यात.

आक्का मात्र येती. त्या आठवड्यात येऊन उंबऱ्यावर बसून गुडघे चोळाय लागली. मग म्हणाली, "मधली भीत आपली एकच हाय. तुझ्या घरातनं कधी आवाज आला न्हाय. आमच्या घरात रोज कालवा. मी आमच्या ह्येंना म्हणायचे, बघा, शेजारी कशी सुखात हायत." मग म्हणाली, "मला तरी का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू आक्का? मारलं न्हाय, पिले न्हाईत, पगार घरात आणून दिला. बोलत न्हाईत म्हणून कुणाला सांगायचं? तू म्हणाली असतीस, भाग्याची हाईस."

"हौद," आक्का म्हणाली. व्हय म्हणाली. "म्हणाले असते."

त्येच्यापुढं आम्ही त्या गोष्टीवर बोललो न्हाय. ती तिच्या गुडघ्याचं सांगती, मी ऐकते.

लेक फोनवर म्हणतोय, आये, झालं गेलं सोड, आता वरीसश्राद्ध चांगलं करू. करू की. वखारीतली सगळी येतील, त्येंच्या चेष्टेच्या गोष्टी सांगतील, जेवतील. मी वाढीन.

पण मला अजून बी ते इचारायचं ऱ्हायलंय, आन् आता इचारायला माणूस न्हाय, सोंग बी न्हाय. म्हणून हे ज्येच्या हातात पडंल त्येला सांगते. तुमी निपाणीच्या वखारीत काट्याजवळ काम केलं असंल, तिथं माल घालाय आला असाल, न्हायतर दारातल्या गाड्यावर त्येंच्या संगं बसून च्या प्याला असाल. नाव मी लिवत न्हाय, एक खांदा खाली टाकून चालणारा हसरा माणूस म्हंटलं की वळखणारा वळखंल. इतकं बोलायचे ते, तुमच्यापाशी एखाद्या दिवशी बोलले असतील, बायकोशी बोलायचं का सोडलं ते. कारण माझं वंगाळ असलं तरी चालंल. मी रागवणार न्हाय, कुणाला सांगणार न्हाय. तेवढं येऊन मला सांगा.